फ्रेम लेकची फेरी: येलोनाइफच्या तळ्याभोवती चालायला जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

कॅनडाच्या उत्तरेला येलोनाइफमध्ये अरोरा (रात्रीच्या आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) बघायला जाणाऱ्यांचा दिवस रिकामाच असतो. रात्री दोन-तीनपर्यंत आकाशाकडे बघून झालं की सकाळी उशिरा जाग येते, आणि मग हॉटेलपासून चालत जाण्यासारखं काय आहे याची शोधाशोध सुरू होते. बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: फ्रेम लेक. गावाच्या मधोमध तळं आहे, त्याच्याभोवती पायवाट आहे आणि ती सिटी हॉलच्या शेजारूनच सुरू होते.

घोळ इथेच होतो. कोल्हापूरचा रंकाळा किंवा ठाण्याची तलावपाळी डोळ्यांसमोर ठेवून मंडळी निघतात आणि निम्म्या वाटेवर उघड्या खडकात अडकतात. कारण ही एक वाट नाही, दोन आहेत. गावाकडची पूर्व आणि दक्षिण बाजू डांबरी, रुंद आणि सपाट आहे. पश्चिमेची बाजू म्हणजे चढउताराचा नागडा खडक. पूर्ण फेरी साधारण सहा-सात किलोमीटरची होते, कोणता फाटा धरता त्यावर थोडं कमीजास्त. या दोन बाजूंना वेगवेगळी तयारी लागते, वेगळे बूट लागतात, वेगळा वेळ लागतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

## टप्पा १: आधी महिना बघा

येलोनाइफ ६२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या मध्याला दिवस २० तासांचा, तर डिसेंबरच्या मध्याला जेमतेम ५ तासांचा. जानेवारीचं सरासरी तापमान उणे २५ च्या आसपास. त्यामुळे एकच वाट सहा महिन्यांच्या अंतराने पूर्ण वेगळी असते.

जून, जुलै: उजेड भरपूर, रात्री दहालाही चालता येतं. पण डास प्रचंड असतात, आणि उन्हाळा सरकतो तशा चावऱ्या काळ्या माश्या येतात. खडकाळ बाजूला खोलगट दलदलीच्या जागा आहेत, तिथे थांबणं अशक्य होतं.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर: माझ्या मते पूर्ण फेरीसाठी यापेक्षा चांगला काळ नाही. डास ओसरलेले असतात, बर्च आणि अ‍ॅस्पेन पिवळे होतात, खडकांच्या फटीतली खुरटी झुडपं लाल होतात, आणि रात्री पुन्हा अंधार पडू लागल्याने अरोराही दिसते. दोन्ही गोष्टी एकाच सहलीत साधतात.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध: खडकावर पातळ, पारदर्शक बर्फ बसतो. तळं गोठू लागलेलं असतं पण पाय ठेवण्याजोगं नसतं. फक्त डांबरी बाजू.

नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी: कडाका. डांबरी बाजू, तीही वारा बघून.

मार्च, एप्रिलचा पूर्वार्ध: बर्फ घट्ट, दिवस १२ तासांच्या पुढे जाऊ लागलेला, ऊन लख्ख. हिवाळ्यात खडकाळ बाजू करायचीच असेल तर ती आत्ता.

एप्रिलअखेर ते मेअखेर: दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं. सकाळी काच, दुपारी चिखल. टाळलेलं बरं.

नेहमीची चूक: अरोराची तिकिटं डिसेंबरची काढायची आणि वाटेचे फोटो मात्र सप्टेंबरचे बघून कार्यक्रम आखायचा. फोटो बघताना त्याचा महिना बघा.

## टप्पा २: कोण येणार त्यावर किती चालायचं ते ठरवा

गटातल्या सर्वांत कमी चालणाऱ्या माणसाचा वेग हाच गटाचा वेग. सपाट डांबरावर धडधाकट माणूस तासाला चार-साडेचार किलोमीटर सहज जातो. खडकाळ बाजूला त्याचा निम्मा वेग धरा. उन्हाळ्यात पूर्ण फेरीला दोन ते अडीच तास, थांबत-फोटो काढत गेलात तर तीन.

आई-बाबा सुपर व्हिसावर (कॅनडातल्या मुलांकडे दीर्घकाळ राहण्याचा पालकांचा व्हिसा) आलेले असतील, गुडघे कुरकुरत असतील, किंवा बाबागाडी असेल, तर त्यांच्यासाठी फक्त डांबरी बाजू. त्यात काही कमी पडत नाही: तळं पूर्ण दिसतं, पलीकडचे खडक दिसतात, आणि हवं तिथून माघारी फिरता येतं. गट दोन भागांत वाटून घ्या. चालणारे पूर्ण फेरी करून येतील, बाकीचे डांबरी बाजूने जाऊन म्युझियममध्ये बसतील. 'सगळे मिळूनच जाऊ' हा आग्रह इथे धोक्याचा ठरतो, कारण खडकाळ बाजूच्या मधोमध कुणाचा पाय मुरगळला तर दोन्हीकडचं डांबर सारखंच लांब असतं.

काही बाबतीत निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. अतिथंड हवेत हृदयावर ताण येतो, त्यामुळे अँजायना किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी उणे २० च्या खाली भरभर चालू नये. दम्याचा त्रास थंड कोरड्या हवेने उसळतो. मधुमेहींच्या पावलांची संवेदना कमी असेल तर बोट गारठल्याचं कळतच नाही. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: इन्सुलिन एकदा गोठलं की वाया गेलं, पुन्हा वापरायचं नाही. ते पाठीवरच्या पिशवीत ठेवू नका, अंगालगतच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत दाद देत नाही, त्यालाही तीच जागा.

## टप्पा ३: कपडे, आतून बाहेर

हिवाळ्यातली सर्वांत मोठी चूक सांगतो. अरोरा दाखवणाऱ्या कंपन्या जाड पार्का (टोपी जोडलेला लांब कोट), दुहेरी विजार आणि भलेमोठे बूट भाड्याने देतात. रात्री एका जागी उभं राहायला तो पोशाख उत्तम आहे. लोक तोच घालून दुपारी चालायला निघतात. पंधरा मिनिटांत अंगाला घाम सुटतो, आतले कपडे ओले होतात, आणि फोटोसाठी थांबलं की तोच ओलावा हाडापर्यंत गारठा पोचवतो. इथल्या थंडीत अंगावर ओलं राहण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

चालण्यासाठी असं करा:

१. अंगालगत: मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचं थर्मल, वर आणि खाली. सुती बनियन, सुती मोजे, सुती ओढणी घरी ठेवा. सूत घाम शोषतं आणि वाळत नाही.

२. मधला थर: फ्लीस किंवा लोकरीचं स्वेटर. घरी विणलेलं जाड स्वेटर इथे खरोखर कामाला येतं.

३. वरचा थर: वारा अडवणारं, चेन असलेलं जाकीट. गरम झालं की लगेच चेन उघडता आली पाहिजे.

४. पार्का पिशवीत: थांबलात की वरून घाला, निघालात की काढा. कंटाळवाणं आहे, पण हेच करायचं.

तपासणी: दाराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

डोक्याला माकडटोपी चालते, चांगली चालते. फक्त तोंडासमोरची लोकर श्वासाच्या वाफेने ओली होऊन कडक होते, म्हणून तोंडासाठी गळ्यातली वेगळी नळीपट्टी ठेवा आणि एक जादा बरोबर घ्या. ओली झाली की बदला. पापण्यांवर पांढरं दव जमतं, दोन पापण्या चिकटतातही. चोळू नका, उघडा तळवा क्षणभर डोळ्यावर धरा, सुटतात.

हातासाठी पाच बोटांचे हातमोजे पुरत नाहीत. चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन्स घ्या आणि आत पातळ हातमोजे घाला, म्हणजे फोटो काढताना कातडी उघडी पडणार नाही. बूट नेहमीपेक्षा एक माप मोठे. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त खाली पोचत नाही आणि पाय अधिकच गारठतात. एक चांगला लोकरी मोजा पुरतो.

तपासणी: बूट घालून सगळी बोटं हलवून बघा. हलत नसतील तर मोजा कमी करा.

दागिन्यांचं वेगळं सांगायला हवं. कानातले, चमकी, नथ, कडं, धातूच्या काड्यांचा चष्मा, या सगळ्यांतून कातडीची ऊब झपाट्याने बाहेर जाते. उणे २५ च्या खाली गेलं की कानातलं आणि नाकातलं काढून ठेवा. मंगळसूत्र थर्मलच्या आत असेल तर काही होत नाही. चष्म्याच्या काड्या टोपीवरून घ्या. चेहऱ्याला खोबरेल किंवा क्रीम चोपडून हिमदंश टळत नाही, उलट जपल्याचा खोटा भरवसा वाटतो आणि माणूस बेफिकीर होतो.

उन्हाळ्याचं सोपं: फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, सैल कपडे, विजारीचे पाय मोज्यात खोचलेले, डासांची जाळी असलेली टोपी. डीट किंवा इकारिडिन असलेलं औषध लावा. डीटमुळे प्लॅस्टिक विरघळतं, तेव्हा ते हाताला असताना चष्मा आणि घड्याळ हाताळू नका. बुटांना खोल खाचांचा तळ हवा; गुळगुळीत तळाचे स्नीकर डांबरापुरतेच.

## टप्पा ४: पिशवीत काय

यादी छोटी ठेवतो, कारण जड पिशवीने घाम येतो.

पाणी नळाचं, घरून भरलेलं. हिवाळ्यात बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरू लागतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. थर्मासमध्ये गरम चहा. खायला काही मऊ आणि तुपाचं. चिक्की थंडीत इतकी टणक होते की दात दुखावेल. बेसनाचा लाडू आतल्या खिशात ठेवलात तर खाता येतो. बुटांवर चढवायचे काटेरी पट्टे ऑक्टोबर ते मे नेहमी बरोबर. छोटा टॉर्च. जादा मोज्यांचा जोड. हातमोज्यात ठेवायच्या उष्ण पुड्या.

फोन आतल्या खिशात, अंगालगत. बाहेरच्या खिशात निम्मी चार्ज असलेली बॅटरी उणे ३० ला काही मिनिटांत मान टाकते. परिसराचा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

मे ते ऑक्टोबर अस्वलाला पळवून लावणारा स्प्रे खडकाळ बाजूला जवळ असावा. तो विमानातून नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि खालच्याही नाही. येलोनाइफमध्ये पोचल्यावर घ्या आणि परतताना तिथेच कुणाला तरी द्या.

## टप्पा ५: निघण्याआधी चार गोष्टी बघा

वाऱ्याचा गारठा. तापमान बघून निघू नका, 'विंड चिल' बघा. कॅनडाच्या हवामान खात्याच्या मार्गदर्शनानुसार विंड चिल उणे २८ ते उणे ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० ते उणे ४७ ला ५ ते १० मिनिटांत. त्याखाली ५ मिनिटांच्याही आत. माझा नियम असा: उणे २८ पर्यंत सवय असलेल्यांनी कुठेही जावं. उणे २८ ते उणे ३९ मध्ये फक्त डांबरी बाजू, तीही तुकड्यातुकड्यांत, मध्ये म्युझियममध्ये ऊब घेऊन. उणे ४० च्या खाली पर्यटकाने फेरीच रद्द करावी.

उजेड. डिसेंबरमध्ये सूर्य सकाळी दहाच्या सुमारास वर येतो आणि दुपारी तीनच्या सुमारास मावळतो. भर दुपारीही तो क्षितिजापासून ४ अंशच वर असतो, त्यामुळे खडकांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डा कुठे ते कळत नाही. अकरा ते दोन या वेळेत चाला.

धूर. उन्हाळ्यात वणवे पेटतात. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यामुळे हे संपूर्ण शहर रिकामं करावं लागलं होतं. कॅनडात हवेचा आरोग्य निर्देशांक १ ते १० आणि त्यापुढे असा मोजतात. ४ च्या वर गेला तर ज्येष्ठांनी आणि दमेकऱ्यांनी बाहेर भरभर चालू नये. ७ च्या वर कुणीच फेरी काढू नये.

निरोप. कोणत्या बाजूने जाताय आणि किती वाजता परतणार हे हॉटेलात किंवा मागे राहिलेल्यांना सांगा. गावात ९११ चालतो. फोन करताना 'तळ्याजवळ आहे' एवढं पुरत नाही. पश्चिमेची बाजू की गावाकडची, आणि जवळची खूण कोणती (हॉस्पिटल, विधानसभा भवन) ते सांगा.

## टप्पा ६: दिशा, तळं डाव्या हाताला ठेवून

बहुतेक लोक सिटी हॉलपासून डांबराचा लांबलचक भाग धरून हॉस्पिटलकडे निघतात, कारण ती वाट डोळ्यांना रुंद दिसते. मग पाय दमल्यावर आणि उजेड उतरल्यावर खडक समोर येतो. उलटं करा.

१. सिटी हॉलशेजारच्या सोंबा के पार्कमध्ये तळ्याकडे तोंड करून उभे राहा आणि उजवीकडे निघा. तळं आता तुमच्या डाव्या हाताला राहील, आणि पूर्ण फेरीत तिथेच राहिलं पाहिजे. वाट चुकली की नाही याची हीच सर्वांत सोपी खूण.

२. थोड्याच वेळात प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटर लागतं. उत्तरेतल्या लोकजीवनाचं म्युझियम आहे, प्रवेश मोफत आहे. स्वच्छतागृह इथे वापरून घ्या, कारण खडकाळ बाजूला काहीही नाही. उघडण्याची वेळ आधी बघून ठेवा.

३. पुढे विधानसभा भवन. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचा कारभार या झाडीतल्या बसक्या इमारतीतून चालतो; १९९३ पासून ती वापरात आहे.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: सगळ्यांचे हातपाय उबदार आहेत का? मागच्या भागात कुणी मागे पडत होतं का? दोन तासांचा उजेड हातात आहे का? अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून बघा. टेकत नसेल तर हात गारठलाय. एकाही प्रश्नाचं उत्तर नको तसं आलं, तर आलात तसे डांबरावरून परत फिरा. यापुढे मध्येच सोडून देण्याची सोय नाही.

## टप्पा ७: खडकाळ बाजू

या बाजूसाठीच ही फेरी करायची. पायाखालचा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे, आणि हिमयुगातल्या बर्फाने त्याला घासून गोलसर पाठी दिल्यात. काही ठिकाणी वाकून बघितलंत तर एकाच दिशेने गेलेल्या बारीक समांतर रेघा दिसतात. बर्फात अडकलेल्या दगडांनी त्या ओढल्या आहेत. फटींमधून जॅक पाइन उगवलेले, खाली तळं, पलीकडे गावातल्या इमारती. बसायला सुरेख जागा आहेत.

अडचण अशी की खडकावर पायवाट उमटत नाही. मातीत पावलांनी वाट पडते, खडकावर ती वाचावी लागते. कशी, ते सांगतो. खडकावर काळ्या-करड्या दगडफुलाचे पापुद्रे बसलेले असतात. माणसं जिथून चालतात तिथले पापुद्रे झिजून जातात आणि आतला फिका, किंचित गुलाबीसर खडक उघडा पडतो. दहा-पंधरा पावलं पुढे बघितलंत तर तो फिका पट्टा दिसतो. पायाशी बघितलंत तर काहीच दिसत नाही. म्हणून दर थोड्या वेळाने थांबून लांब बघायचं, पट्टा नजरेत धरायचा, मग चालायचं. पट्टा हरवला तर शेवटचा जिथे दिसला होता तिथे मागे या. अंदाजाने पुढे गेलात तर उतारावरून दलदलीत उतरता.

चालण्याचा क्रम:

१. उतारावर आडवे-तिरके उतरा, सरळ खाली नाही. पावलाचा पूर्ण तळ टेकवा. टाच आधी टेकली की घसरायला होतं.

२. दगडफूल कोरडं असताना बुटाला पकड देतं, ओलं झालं की साबणासारखं निसटतं. पाऊस पडून गेला असेल, सकाळचं दव असेल, तर ही बाजू दोन तास उशिरा करा.

३. खोलगट जागी पाणी साचतं. शेवाळाची हिरवी गादी जमीन समजून पाय टाकू नका. घोट्यापर्यंत आत जातो. टाकलेल्या फळ्या असतील तर एका वेळी एकानेच जा. फळ्यांवरचा बर्फ खडकावरच्या बर्फापेक्षा घसरडा असतो.

४. हिवाळ्यात आधीच्या चालणाऱ्यांनी दाबलेल्या बर्फाच्या पट्ट्यावरच राहा. बाजूचा मऊ बर्फ खडकांमधली फट झाकून असतो, आणि त्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो. पाय मुरगळण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. काटेरी पट्टे बर्फावर घाला, उघडा खडक लागला की काढा. नुसत्या दगडावर तेच काटे सरकतात.

५. मुलांना पुढे पळू देऊ नका. गोलसर पाठीचा खडक वरून सौम्य दिसतो आणि पाण्याकडे अचानक उतरतो.

सूचना: सेल्फीसाठी मागे सरकायचं असेल तर आधी वळून बघा.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. या भागात काळी अस्वलं आहेत आणि ती अधूनमधून गावाच्या कडेला येतात. गप्पा मारत चाला, म्हणजे त्यांना तुमची चाहूल लागते. दिसलंच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरका, मुलांना जवळ घ्या. कोल्हे माणसाला सरावलेले आहेत, जवळ येतात, गोड दिसतात. खायला घालू नका, हात लावू नका. उत्तरेत कोल्ह्यांमध्ये रेबीज असतो. मोठे काळे डोमकावळे हुशार आहेत, पिशवी उघडी ठेवून फोटोला गेलात तर खाऊ गेलाच समजा.

## मध्येच एक महत्त्वाचं: या तळ्याचं पाणी, मासे आणि फळं

गावाशेजारी जायंट माइन ही सोन्याची खाण १९४८ ते २००४ या काळात चालली. तिथे खनिज भाजताना निघालेली आर्सेनिकची धूळ आसपासच्या तळ्यांत आणि जमिनीवर बसली, आणि फ्रेम लेक त्यात येतं. इथे पाणी पिऊ नये, पोहू नये, मासे धरू नयेत आणि आजूबाजूची बेरी, अळंबी किंवा इतर खाण्याची झाडं तोडू नयेत अशी सरकारी आरोग्य खात्याची सूचना आहे. चालायला काही धोका नाही.

पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, गाळूनही जात नाही. सप्टेंबरात लालबुंद बेरी दिसल्या की तोंडात टाकायचा मोह होतो, मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि मसाल्यासाठी दगडफूल खरवडून नेण्याचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा: दगडफूल हवेतून पडणारी धूळ शोषून साठवतं. खाण्याआधी हात धुवा, लहान मुलांचे तर नक्की.

## टप्पा ८: हॉस्पिटल आणि परतीचं डांबर

खडक संपत आला की तळ्याच्या टोकाशी स्टॅन्टन टेरिटोरियल हॉस्पिटलची मोठी इमारत दिसू लागते. तीच दिशा धरा. इथून वाट पुन्हा डांबरी होते, आणि ओल्ड एअरपोर्ट रोड जवळ असल्याने कुणी दमलं असेल तर टॅक्सी बोलावता येते.

दुसऱ्या एका चुकीची जागा हीच आहे. डांबर लागलं की लोक गप्पांत रमतात, घामेजलेल्या अंगाने रमतगमत चालतात आणि सिटी हॉल येईपर्यंत गारठतात. डांबरावर आल्या आल्या दोन मिनिटं थांबा: ओले मोजे असतील तर बदला, पार्का चढवा, चहाचा घोट घ्या. एकमेकांचे चेहरे बघा. गालावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानाच्या पाळीवर मेणासारखा पांढरा ठिपका दिसला तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. ज्याला झालंय त्याला कळत नाही, कारण तिथली संवेदना गेलेली असते. आरशाचं काम सोबतच्या माणसाने करायचं. हॉस्पिटलपासून सिटी हॉलपर्यंत तळं अजूनही डाव्या हाताला असतं. सपाट वाट आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचता.

## गोठलेल्या तळ्यावरून आडवं जावं का?

भर हिवाळ्यात गावातले लोक तळ्यावरून सरळ पलीकडे जाताना दिसतात. त्यांना तळं माहीत असतं. एकट्या माणसाला चालायला किमान १५ सेंटिमीटर बर्फ लागतो असं कॅनडाचं रेड क्रॉस सांगतं, आणि पाहुण्याला तो मोजायची सोय नसते. तेव्हा नियम साधा ठेवा. डिसेंबरच्या आधी आणि एप्रिलच्या मध्यानंतर अजिबात नाही. मधल्या काळात, मळलेली ठळक वाट असेल आणि गावातल्या माणसाला विचारलं असेल तरच. पाणी आत येतं त्या नाल्यांच्या तोंडाशी, लव्हाळ्याच्या कडेला आणि पाण्यातून वर आलेल्या खडकांभोवती बर्फ पातळ असतो, तिथून दूर राहा.

कधीकधी बर्फाच्या वर, पण भुसभुशीत हिमाच्या खाली पाणी साचलेलं असतं. वरून काही दिसत नाही, पाय टाकला की बूट भिजतो. हिमाचा रंग करडा, ओलसर दिसला की मागे फिरा. उणे २५ ला भिजलेला बूट म्हणजे ताबडतोब जवळच्या इमारतीत जायचं, फेरी पूर्ण करायची नाही.

## टप्पा ९: आत आल्यावर

कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि मग आत आणा. तास-दोन तास तसाच राहू द्या, म्हणजे वाफ पिशवीवर धरते, भिंगावर नाही. बुटांमधले आतले तळ काढून वेगळे वाळवा. रात्री अरोरासाठी हेच बूट घालणार असाल तर ओलसर बुटांनी रात्र वाया जाते.

कुठे पांढरा ठिपका उठला असेल तर चोळू नका, बर्फ लावू नका, हीटरसमोर किंवा शेकोटीवर धरू नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. नाक-गालावर कोरडा उबदार तळवा धरून ठेवा. बोटं असतील तर ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात बुडवा आणि पाणी निवलं की बदला. पाण्याची ऊब धडधाकट माणसाने कोपराने तपासावी. संवेदना परत येताना ठणका लागतो, ते चांगलं लक्षण आहे. पुन्हा थंडीत जाण्याची शक्यता असेल तर बोट ऊब देऊन सोडवू नका, कारण सुटलेला भाग दुसऱ्यांदा गोठला की इजा कितीतरी वाढते. अर्ध्या तासात रंग आणि संवेदना परतली नाही, फोड आले किंवा कातडी कडक-निळसर राहिली, तर त्या दिवशी अरोरा सोडा आणि हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. प्रवास विम्याचे कागद बरोबर घ्या.